धुतलेल्या देहाची रेषा : जॉन फ्लॅक्समनच्या ‘सार्पेडॉन’ चित्राचे रसग्रहण

गोषवारा

इंग्लिश शिल्पकार जॉन फ्लॅक्समन (१७५५–१८२६) याने होमरच्या महाकाव्यांवर काढलेली शाईची रेखाचित्रे ताम्रपटांवर कोरली जाऊन १७९३ साली रोम येथे प्रसिद्ध झाली. रंग, छायाप्रकाश व पार्श्वभूमी यांचा जवळजवळ पूर्ण त्याग करणारी ही चित्रे सुंदर असली तरी निर्जीव व रक्तहीन आहेत, असा आक्षेप त्यांच्यावर सहज घेता येतो. प्रस्तुत लेखात या मालिकेतील ‘निद्रा आणि मृत्यू सार्पेडॉनचा देह लिसियास नेत आहेत’ या चित्राच्या आधारे त्या आक्षेपाची तपासणी केली आहे. मूळ काव्यातील प्रसंगक्रम आणि ग्रीक चित्रकार युफ्रॉनिअस याचे याच प्रसंगावरील पात्रचित्र यांच्याशी तुलना करता या चित्रातील रक्ताचा अभाव काव्यार्थाला धरून आहे, हे दाखवण्याचा प्रयत्न येथे केला आहे.

बीजशब्द : रेखाचित्र, बाह्यरेषा, फ्लॅक्समन, इलियड, सार्पेडॉन, अभिजात ग्रीक कला, युफ्रॉनिअस.

१. प्रस्तावना

चित्र व शिल्प यांच्या उगमाविषयी प्लिनी या रोमन ग्रंथकाराने एक कथा नोंदवून ठेवली आहे. कोरिंथ येथे राहणाऱ्या ब्युटाडीस नावाच्या कुंभाराच्या कन्येचा प्रियकर परदेशी निघाला होता. दिव्याच्या उजेडात त्याच्या मुखाची छाया भिंतीवर पडली, तेव्हा तिने त्या छायेची कड रेषेने आखून घेतली. पित्याने त्या रेषेत माती भरली, ती भाजली आणि मुखाचे उठावशिल्प तयार झाले. ही कथा इतिहास म्हणून स्वीकारण्याचे कारण नाही. मात्र रेषेसंबंधी प्राचीनांची जी धारणा होती, ती या कथेतून स्पष्ट होते. जो जात आहे त्याला धरून ठेवण्यासाठी माणसाने पहिली रेषा ओढली. चित्र आणि शिल्प ही त्या एकाच रेषेची दोन अपत्ये होत.

फ्लॅक्समनच्या रेखाचित्रांचा विचार करताना ही कथा उपयोगी पडते. तो व्यवसायाने शिल्पकार होता. त्याची कीर्ती मात्र युरोपभर पसरली ती कागदावरील बारीक रेषेमुळे. त्या रेषेत पोकळी भरण्याचे काम त्याने पाहणाऱ्यावर सोपवले. हे सोपवणे म्हणजे कलावंताचे सामर्थ्य की त्याची उणीव, हा या लेखापुढील मुख्य प्रश्न आहे. अल्प रेषांच्या चित्राचे कौतुक ‘साधेपणा’ या एका शब्दात उरकण्याची प्रथा आहे. परंतु साधेपणा हा स्वयमेव गुण नव्हे. काय गाळले आणि ते का गाळले, याचे उत्तर चित्रातूनच मिळाले पाहिजे.

२. रेषेची जडणघडण

फ्लॅक्समन १७७५ पासून जोसाया वेजवुड याच्या मृत्पात्रांच्या कारखान्यासाठी नमुने तयार करू लागला. निळ्या किंवा अन्य रंगाच्या पृष्ठभागावर पांढऱ्या आकृत्यांचा उथळ उठाव, हे तेथील कामाचे वैशिष्ट्य होते. अशा कामात आकृतीची खोली फार थोडी असते आणि तिचा सर्व भार कडेवर पडतो. १७७८ साली त्याने वेजवुडसाठी होमरच्या गौरवाचा जो फलक घडवला, त्याचा आधार सर विल्यम हॅमिल्टन याच्या संग्रहातील एका ग्रीक पात्रावरील चित्र हा होता. कडेच्या शिस्तीचा हा संस्कार त्याच्यावर रोमला जाण्यापूर्वीच झालेला होता.

१७८७ साली तो रोमला गेला आणि १७९४ पर्यंत इटलीत राहिला. त्या काळी विंकेलमानच्या ग्रंथांनी ग्रीक कलेकडे पाहण्याची एक दृष्टी घडवली होती. उदात्त साधेपणा आणि शांत भव्यता ही ग्रीक कलेची लक्षणे होत, हा त्याचा विचार सर्वत्र मान्य होता. त्याच सुमारास, १७९१ ते १७९५ या काळात, हॅमिल्टनच्या दुसऱ्या पात्रसंग्रहाची चित्रे तिश्बाइन याच्या देखरेखीखाली नेपल्स येथे प्रसिद्ध होत होती. या छापील चित्रांत पात्रांवरील आकृत्या केवळ बाह्यरेषांत उतरवल्या होत्या.

येथे एक गोष्ट लक्षात घेणे आवश्यक आहे. मूळ ग्रीक पात्र गोल असते. त्यावरील आकृती हाताने फिरवत पाहावयाची असते. लाल आकृत्यांच्या शैलीत भोवतालची काळी झळाळी आकृतीला पुढे आणते. छापील पृष्ठावर ही गोलाई सपाट झाली, काळा व तांबडा रंग नाहीसा झाला आणि पांढऱ्या कागदावर एक रेषा तेवढी उरली. म्हणजे अठराव्या शतकाच्या अखेरीस जी ‘शुद्ध ग्रीक रेषा’ रसिकांना दिसली, ती काही अंशी मुद्रणाची निर्मिती होती. प्राचीन संगमरवरी पुतळेही रंगवलेले असत, हे आज सुपरिचित आहे. तेव्हा फ्लॅक्समनची रेषा ही प्राचीन कलेची नक्कल आहे, असे म्हणणे अपुरे ठरते. प्राचीन कलेच्या एका विशिष्ट वाचनातून जन्मलेली ती आधुनिक रेषा आहे.

होमरवरील चित्रे त्याने रोममध्ये राहणाऱ्या श्रीमती हेअर-नेलर यांच्या सांगण्यावरून काढली. दर चित्रास १५ शिलिंग असा त्याचा मोबदला ठरला होता. तॉमासो पिरोली याने ती ताम्रपटांवर कोरली आणि प्रत्येक चित्राखाली अलेक्झांडर पोप याच्या इंग्लिश भाषांतरातील ओळी छापल्या गेल्या. पुढे ईस्किलसच्या नाटकांवरील व दान्तेच्या महाकाव्यावरील चित्रेही याच पद्धतीने तयार झाली. प्राचीनांच्या तत्त्वांनुसार एखादी कथा चित्रमालिकेतून कशी मांडता येते, हे दाखवणे आणि पुढील शिल्पांसाठी सामग्री जमवणे, असा दुहेरी हेतू फ्लॅक्समनच्या मनात होता. स्वतंत्र कलाकृती म्हणून ही चित्रे इतकी गाजतील, अशी अपेक्षा त्यामागे दिसत नाही.

३. काव्यातील प्रसंग

‘इलियड’च्या सोळाव्या सर्गात सार्पेडॉनचा वध येतो. सार्पेडॉन हा लिसियाचा राजा, ट्रॉयच्या बाजूने लढणारा वीर आणि देवाधिदेव झ्यूसचा पुत्र. पॅट्रोक्लसच्या हातून त्याचे मरण ठरलेले आहे. पुत्राला रणातून उचलून न्यावे काय, असा विचार झ्यूसच्या मनात येतो. हेरा त्याला अडवते. तू आपला पुत्र वाचवलास तर इतर देवही आपापले पुत्र वाचवू पाहतील, असा तिचा युक्तिवाद आहे. ती दुसरा मार्ग सुचवते : पुत्राला मरू द्यावे, मग निद्रा आणि मृत्यू या जुळ्या भावंडांनी त्याचा देह लिसियास न्यावा आणि तेथे आप्तांनी त्याचे अंत्यसंस्कार करावेत. झ्यूस हे मान्य करतो व पृथ्वीवर रक्ताचे थेंब वर्षवतो.

यानंतरचा तपशील प्रस्तुत विवेचनाच्या दृष्टीने निर्णायक आहे. सार्पेडॉन पडल्यावर त्याच्या देहासाठी घनघोर झुंज होते. शस्त्रे, रक्त आणि धूळ यांनी तो डोक्यापासून पायापर्यंत असा झाकला जातो की, जाणत्या माणसालाही त्याची ओळख पटू नये. एका राजाचा, देवपुत्राचा देह आपला आकार हरवून बसतो. तेव्हा झ्यूस अपोलोला पाठवतो. अपोलो देह रणाबाहेर नेतो, त्यावरील काळे रक्त नदीच्या पाण्याने धुतो, अमृतलेप लावतो, अविनाशी वस्त्रे घालतो आणि मगच तो निद्रा व मृत्यू यांच्या स्वाधीन करतो.

या क्रमाचा अर्थ असा की, होमरने पुत्रवियोगावर दिलेला एकमेव दिलासा प्राणाचा नाही, आकाराचा आहे. देवही प्राण परत देऊ शकत नाही. तो फक्त ओळख परत देतो. मृताची बाह्यरेषा त्याला पुन्हा प्राप्त करून देणे, एवढेच झ्यूसच्या हाती उरते.

४. चित्राचे वाचन

फ्लॅक्समनने या प्रसंगातील अखेरचा क्षण निवडला आहे. दोन पंखधारी आकृत्या आणि त्यांच्यामध्ये निश्चेष्ट देह, एवढाच चित्राचा विषय. रणभूमीचे वर्णन नाही, झुंजीची खूण नाही. छायांकनाच्या जाळीरेषा नाहीत. अंगाची गोलाई दाखवणारी छटा नाही. जे काही सांगावयाचे ते आकृतीच्या कडेने आणि कडेच्या आत घेतलेल्या मोजक्या रेषांनी सांगितले आहे.

अशा चित्रात सर्वांत कठीण गोष्ट म्हणजे वजन. छायाप्रकाशाने रंगवलेल्या चित्रात देहाखालचा अंधार त्याचा भार सुचवतो. येथे ती सोय नाही. कोरीव छापातील रेषा बहुतांशी एकाच जाडीची असल्याने दाब वाढवून भार दाखवण्याचा मार्गही फारसा मोकळा नाही. त्यामुळे भार दाखवावयाचा तो दिशेनेच. जिवंत देहाची रेषा स्नायूंच्या ताणाने स्वतःला सावरते. मृत देहाची रेषा दुसऱ्याच्या हाताकडे ओघळते. या चित्रात वाहणारे आणि वाहिला जाणारा यांच्यातील भेद रेषेच्या या दोन स्वभावांत आहे. पंखांच्या आणि उड्डाणाच्या रेषा पुढे झेपावतात. देहाची रेषा त्यांच्या आधाराने चालते, पण स्वतः कोठेही जाऊ इच्छीत नाही. एका गतीत दोन स्थिती सामावल्या आहेत.

दुसरा मुद्दा निद्रा व मृत्यू यांच्या रूपाचा. पौसेनिअस या प्राचीन प्रवाशाने ऑलिंपिया येथील एका कोरीव पेटीचे वर्णन केले आहे. तीवर रात्रीच्या कवेत दोन बालके होती : एक गोरे, निजलेले, दुसरे काळे, निजल्यासारखे. म्हणजे निद्रा व मृत्यू यांतील भेद दाखवण्यासाठी प्राचीन कारागिराने रंगाचा आश्रय घेतला. केवळ रेषेवर काम करणाऱ्या कलावंताला हा आश्रय नाही. गोरा आणि काळा हा भेद बाह्यरेषेत पुसला जातो आणि दोन्ही आकृत्या एकाच कोऱ्या कागदाच्या होतात. ही साधनाची मर्यादा खरी. परंतु या प्रसंगी ती अर्थपूर्ण ठरते. निद्रा आणि मृत्यू जुळे आहेत, हे होमरचे विधान जितके रेषेत प्रत्ययाला येते, तितके ते रंगात येणे अवघड आहे.

तिसरा मुद्दा कोऱ्या जागेचा. पऱ्हेसिअस या ग्रीक चित्रकाराच्या बाह्यरेषेची प्रशंसा करताना प्लिनीने एक कसोटी सांगितली आहे : आकृतीची कड अशी वळली पाहिजे की, तिच्यामागे आणखी काही आहे असे तिने सुचवावे आणि जे झाकले आहे तेही दाखवावे. भारतीय परंपरेतही ‘विष्णुधर्मोत्तर पुराणा’तील चित्रसूत्रात आचार्यांची पसंती रेषेला आहे आणि सामान्यजनांची रंगसमृद्धीला, असा भेद केलेला आहे. या कसोटीवर पाहता फ्लॅक्समनच्या चित्रातील कागदाचा पांढरा रंग दोन कामे करतो. रेषेच्या आत तो देह होतो, रेषेच्या बाहेर आकाश. दोन्ही ठिकाणी कागद तोच. बदलतो तो पाहणाऱ्याचा विश्वास. हा विश्वास निर्माण होतो तोवर चित्र उभे राहते. तो ढळला की उरते ती केवळ तार.

५. युफ्रॉनिअसचे पात्र : एक तुलना

याच प्रसंगावरील सर्वांत प्रसिद्ध ग्रीक चित्र फ्लॅक्समनला पाहावयास मिळणे शक्य नव्हते. इ. स. पूर्व सुमारे ५१५ मध्ये अथेन्स येथे युक्सिथिऑस या कुंभाराने घडवलेले आणि युफ्रॉनिअसने रंगवलेले मद्यमिश्रणाचे ते मोठे पात्र १९७१ साली इटलीतील चेर्वेतेरीजवळ बेकायदा उत्खननातून बाहेर आले. १९७२ मध्ये न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयाने ते दहा लक्ष डॉलरना विकत घेतले. दीर्घ वादानंतर २००८ साली ते इटलीला परत करण्यात आले आणि पुढे चेर्वेतेरी येथील संग्रहालयात ठेवले गेले.

युफ्रॉनिअसच्या चित्रात सार्पेडॉनचा प्रचंड देह मध्यभागी आडवा आहे. पंखधारी, शस्त्रसज्ज निद्रा व मृत्यू वाकून त्याला उचलत आहेत. मागे हर्मिस उभा आहे, दोन्ही कडांना दोन योद्धे आहेत, प्रत्येकाजवळ त्याचे नाव लिहिले आहे. सार्पेडॉनचा हात खाली लोंबतो आहे. पाहणाऱ्याच्या दिशेने येणारा पाय आखूड दिसावा, असा नवा प्रयत्न चित्रकाराने केला आहे. आणि देहावरील जखमांतून रक्ताच्या धारा वाहत आहेत.

दोन्ही चित्रे शेजारी ठेवली की पहिली प्रतिक्रिया फ्लॅक्समनच्या विरुद्ध जाते. एकीकडे शरीराचे सर्व जडत्व, पोटावरील स्नायूंची बारीक नोंद, उघड्या जखमा. दुसरीकडे स्वच्छ, हलकी रेषा. अठराव्या शतकातील अभिरुचीने ग्रीकांच्या मृत्यूतील भीषणता धुऊन टाकली, असे म्हणण्याचा मोह होतो.

परंतु काव्याचा क्रम ध्यानात घेता हा निष्कर्ष टिकत नाही. होमरच्या मते निद्रा व मृत्यू यांच्या हाती देह येतो तो अपोलोने रक्त धुतल्यानंतर. वाहते रक्त आणि उचलणारी ती दोन भावंडे हे एकाच क्षणी असू शकत नाहीत. युफ्रॉनिअसने दोन क्षण एकत्र आणले : वधाचा आणि वाहून नेण्याचा. त्याचे हे स्वातंत्र्य थोर आहे. त्याने पाहणाऱ्याला मरणाची किंमत विसरू दिली नाही. फ्लॅक्समनने मात्र काव्याचा क्रम पाळला. त्याच्या सार्पेडॉनच्या अंगावर रक्त नाही, कारण ते धुतले गेले आहे. येथे रेषेचे तंत्र आणि प्रसंगाचा आशय एकरूप होतात. अपोलोने नदीच्या पाण्याने जे केले, तेच फ्लॅक्समनने लेखणीने केले : रक्त व धूळ यांखाली हरवलेल्या देहाला त्याची कड परत दिली.

म्हणून या चित्रातील उणे हे चुकवणे आहे की सांत्वन, या प्रश्नाचे उत्तर प्रसंगानुसार द्यावे लागते. या प्रसंगी ते सांत्वन आहे, आणि ते सांत्वन होमरचे आहे.

६. मर्यादा आणि प्रभाव

हाच न्याय संपूर्ण मालिकेला लावता येत नाही, हे मान्य केले पाहिजे. ‘इलियड’ हे मुख्यतः युद्धाचे काव्य आहे. ज्या चित्रांत शस्त्रे भिडतात, गर्दी उसळते, क्रोधाचा भडका उडतो, तेथेही फ्लॅक्समनची रेषा त्याच संथपणे चालते. तेथे कड आणि आशय यांचा मेळ बसत नाही. योद्धे लढण्याऐवजी उठावशिल्पातील मिरवणुकीसारखे थबकलेले वाटतात. चेहऱ्यांतील वैविध्यही कमी आहे. शोक, विलाप, शवयात्रा, स्वप्न, देवतांचे गमनागमन या विषयांत रेषा जितकी समर्थ, तितकी ती संघर्षात दुबळी. गटेने १७९९ मध्ये या चित्रांविषयी लिहिताना फ्लॅक्समन हा हौशी मंडळींचे दैवत बनल्याची जी टीका केली, तिच्यामागे ही अस्वस्थता असावी. त्याच वर्षी ऑगस्ट विल्हेल्म श्लेगेलने मात्र या बाह्यरेषांची बाजू घेतली. चित्र जितके कमी सांगते तितके ते काव्याच्या जवळ जाते, कारण दोहोंतही उरलेले काम कल्पनाशक्तीला करावे लागते, असा त्याच्या विवेचनाचा रोख आहे.

वस्तुतः दोघांच्या मतांत विरोध दिसतो तितका नाही. रिकामी जागा भरण्याचे आवाहन पाहणाऱ्याला केले की, त्याच्याजवळ भरण्यासाठी काही असावे लागते. सार्पेडॉनची कथा माहीत नसलेल्याला हे चित्र एक मोहक आकृतिबंध वाटेल. कथा माहीत असलेल्याला त्या कोऱ्या त्वचेवर नुकतेच धुतलेले रक्त आठवेल. चित्राखाली छापलेल्या काव्यपंक्तींचे प्रयोजनही हेच आहे.

युरोपीय कलावंतांनी या चित्रांचा उपयोग आपापल्या गरजेप्रमाणे केला. अँग्रने १८११ साली रंगवलेल्या ‘ज्युपिटर आणि थेटिस’ या चित्रात फ्लॅक्समनच्या रेषेचा ठसा दिसतो. स्पेनमध्ये गोयाने दान्तेवरील चित्रांतून काही आकृत्या घेऊन रेखाटने केली. विल्यम ब्लेक हा तर फ्लॅक्समनचा मित्रच. ‘इलियड’च्या १८०५ च्या आवृत्तीत भर घातलेल्या चित्रांपैकी काही त्याने कोरली आणि १८१७ मध्ये हेसिअडवरील चित्रमालिकाही त्यानेच कोरली.

७. तंजावर येथील एक प्रतिध्वनी

मृत्यूच्या प्रसंगाला शांत रेषेत बांधण्याची फ्लॅक्समनची ही वृत्ती मराठी इतिहासाशीही एका ठिकाणी जोडली गेली आहे. तंजावरचे भोसले राजे दुसरे सरफोजी (१७७७–१८३२) यांच्या बालपणी मिशनरी ख्रिस्तिआन फ्रीडरिख श्वार्ट्झ हे त्यांचे पाठीराखे होते. १७९८ साली श्वार्ट्झ यांचे निधन झाले. त्यांच्या स्मरणार्थ सरफोजीराजांनी फ्लॅक्समनकडून संगमरवरी उठावशिल्प करवून घेतले. ते तंजावर येथील श्वार्ट्झ यांच्या नावाच्या चर्चमध्ये आहे. मृत्युशय्येवर पडलेले श्वार्ट्झ आणि त्यांच्या भेटीस आलेले राजे, असा त्याचा विषय आहे.

येथे पंखधारी देवता नाहीत, महाकाव्याची भव्यताही नाही. एक आजारी वृद्ध आणि त्याच्याजवळ आलेला राजा आहे. तरीही रचनेचे तत्त्व ओळखीचे वाटते. आडवा देह, त्याच्याभोवती जिवंतांच्या उभ्या आकृत्या आणि दोहोंना जोडणारा स्पर्श. कागदावर सिद्ध झालेली रेषा दगडात उतरली तेव्हा तिने एका मराठी राजाच्या कृतज्ञतेला आकार दिला, ही गोष्ट मराठी अभ्यासकांच्या दृष्टीने नोंद घेण्यासारखी आहे.

८. निष्कर्ष

प्रस्तुत विवेचनावरून पुढील गोष्टी स्पष्ट होतात. पहिली, फ्लॅक्समनची बाह्यरेषा प्राचीन ग्रीक कलेतून थेट आलेली नसून मृत्पात्रे, त्यांची छापील चित्रे आणि शिल्पकाराची कडेविषयीची शिस्त यांतून ती घडली आहे. दुसरी, अल्परेषी चित्राचे मूल्य रेषांच्या संख्येवरून ठरत नाही. जे गाळले त्याला आशयात आधार आहे काय, यावर ते ठरते. युद्धचित्रांत हा आधार अनेकदा सापडत नाही. तिसरी, ‘सार्पेडॉन’च्या चित्रात तो पूर्णपणे सापडतो. येथे रक्ताचा अभाव हा काव्यातील प्रक्षालनाचा परिणाम आहे आणि रंगाचा अभाव हा निद्रा व मृत्यू यांच्या जुळेपणाचा प्रत्यय आहे.

ब्युटाडीसच्या कन्येने निघालेल्या माणसाची छाया आखली. तिच्याजवळ परत येण्याची आशा तरी होती. सार्पेडॉनच्या पित्याजवळ ती नाही. देवाधिदेव असूनही तो पुत्रासाठी एवढेच करू शकतो की, मातृभूमीत पोहोचेपर्यंत त्याचा चेहरा ओळखू यावा. फ्लॅक्समनच्या चित्रातील ती बारीक, अखंड कड याच मर्यादित कृपेची खूण आहे. लिसियात वाट पाहणाऱ्या आप्तांना हा आपलाच सार्पेडॉन, हे ओळखता येईल, इतके ती निश्चितपणे सांगते.